आरीने डोळे गेले, टोचणीने अक्षर आले : लुई ब्रेल

जानेवारी उजाडला की ३ तारखेला आम्ही सावित्रीमाईंना अभिवादन करतो. वस्त्यावस्त्यांतून कार्यक्रम होतात, विहारांत मुलींची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागतो. पण हा दुसरा दिवसही शिक्षणाच्या इतिहासातला एक मोठा दिवस आहे, याची आठवण फार थोड्यांना असते. ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समध्ये लुई ब्रेल यांचा जन्म झाला. जगभरातील अंधांच्या हाती लिपी देणारा हा माणूस. संयुक्त राष्ट्रसंघ २०१९ पासून हा दिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळतो. आपल्याकडे मात्र अंधशाळांच्या भिंतींबाहेर त्याची फारशी चर्चा होत नाही. म्हणून आज या स्तंभात आम्ही लुई ब्रेल यांचे चरित्र सांगणार आहोत. त्यामागे आमचा एक हेतू आहे. ज्याचे दुखणे त्याला वगळून त्याच्यासाठी साधने ठरवली की काय होते, आणि तोच माणूस साधन घडवू लागला की काय होते, या दोन्ही गोष्टी या एका आयुष्यात दिसतात.

पॅरिसपासून सुमारे ४० किलोमीटरवर कुपव्रे नावाचे खेडे आहे. तेथे सिमोन-रेने ब्रेल हे घोड्यांची खोगिरे, लगाम, पट्टे तयार करणारे कारागीर राहात. चामडे कापणे, भोके पाडणे, शिवणे हा त्यांचा रोजचा धंदा. आरी काय असते आणि रापी काय असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कित्येकांच्या बापाच्या, आज्याच्या हातात हीच हत्यारे होती. मात्र एक फरक येथेच नमूद केला पाहिजे. कुपव्रेच्या या चामड्याच्या कारागिराला कोणी गावकुसाबाहेर बसवले नव्हते. गावातच त्याचे घर होते, थोडी जमीन आणि द्राक्षाचे मळे होते, गावात त्याला मान होता. चामडे तेच आणि आरीही तीच. पण हाताला लागलेला कलंक चामड्याचा नसतो, तो व्यवस्थेने लावलेला असतो, हे यावरून ध्यानात यावे.

सिमोन-रेने आणि मोनिक यांच्या चार अपत्यांपैकी लुई सर्वांत धाकटा. १८१२ साली, तीन वर्षांचा असताना, बापाच्या कामाच्या खोलीत खेळता खेळता त्याने एक टोकदार हत्यार उचलले. बापासारखे चामड्याला भोक पाडण्याचा त्याचा प्रयत्न असावा. हत्यार निसटले आणि डोळ्यात घुसले. बहुतेक चरित्रकार ही आरी होती असे सांगतात. त्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते, जंतुनाशक औषधे नव्हती. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत या मुलाला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले.

त्या काळच्या युरोपात गरीब अंधाला भीक मागण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. लुईच्या आईबापांनी मात्र मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. बापाने त्याला चालायला काठी करून दिली. फळीवर खिळे ठोकून त्यांनी अक्षरांचे आकार केले आणि त्यावर मुलाची बोटे फिरवून त्याला अक्षरओळख करून दिली, असे सांगतात. गावच्या चर्चमधील धर्मगुरूंनी त्याला शिकवायला सुरुवात केली. पुढे गावच्या शाळेच्या शिक्षकाने त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवून घेतले. मुलगा ऐकून ऐकून सगळे पाठ करू लागला, हुशार निघाला. पण पुस्तक समोर आले की तो थांबे. दुसऱ्याने वाचून दाखवले तरच पुस्तक त्याचे होई.

१८१९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या दहाव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळून लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत दाखल झाला. या संस्थेची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत काही अंध माणसांना विदूषकासारखी टोपी आणि खोटे चष्मे घालून, हाती वाद्ये देऊन बसवले होते आणि लोक पोट धरून हसत होते. ते पाहून व्हॅलेंटिन आउई नावाच्या गृहस्थाचे मन पेटले. त्यांनी १७८५ च्या सुमारास अंध मुलांसाठी शाळा उघडली. जगातील अशी ती पहिली शाळा मानली जाते. आउई हे निश्चितच मोठ्या मनाचे माणूस होते, त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण त्यांची पद्धत पाहा. ओल्या जाड कागदावर रोमन अक्षरे दाबून ती उठावाची करायची आणि मुलांनी बोटाने चाचपून वाचायची. अक्षर बोटाला कळावे म्हणून ते मोठे करावे लागे. अक्षर मोठे म्हणून पुस्तक जाड, पुस्तक जाड म्हणून महाग, आणि महाग म्हणून संख्येने थोडी. प्रत्येक अक्षराच्या वळणावरून बोट फिरवता फिरवता वाक्याची सुरुवात विसरून जाई. शिवाय हे अक्षर मुलांना स्वतः लिहिता येत नसे. म्हणजे त्यांनी वाचायचे ते दुसऱ्याने छापलेलेच. स्वतःचा निरोप, स्वतःचा हिशेब, स्वतःचा विचार कागदावर मांडण्याची सोय त्यांना नव्हती.

असे का झाले? कारण ही लिपी डोळस माणसाने डोळ्यांच्या हिशेबाने केली होती. डोळ्याला जे सोपे ते बोटालाही सोपे असणार, असे त्याने धरून चालले होते. पद्धत डोळसांची, परीक्षा मात्र अंधांची!

संस्थेची इमारत जुनी, दमट आणि कोंदट होती. शिस्त कडक होती. मुलांना व्याकरण, इतिहास, संगीत शिकवत, तसेच विणकाम आणि सपाता शिवणे असली कामेही शिकवत. १८२१ मध्ये शार्ल बार्बिये नावाच्या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याची एक पद्धत या संस्थेत आली. बार्बिये यांनी अक्षरांऐवजी उठावाचे ठिपके वापरले होते. एका चौकटीत दोन उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत जास्तीत जास्त सहा ठिपके. ठिपका बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतो आणि टोचणीने तो हातानेही पाडता येतो, हा बार्बियेंचा शोध फार मोलाचा होता. पण त्यातही अडचणी होत्या. बारा ठिपक्यांची चौकट एका बोटाखाली मावत नसे. पद्धत केवळ उच्चारावर बेतलेली असल्याने तीत शब्दांचे शुद्धलेखन नव्हते. विरामचिन्हे नव्हती, आकडे नव्हते, संगीताची स्वरलिपी नव्हती.

बारा वर्षांच्या लुईने ही पद्धत बोटाखाली घेतली आणि तिच्यातले बळ व तिच्यातली खोट दोन्ही ओळखली. त्यानंतरची सुमारे तीन वर्षे त्याने रात्री, सुटीत, वर्गाबाहेरच्या वेळात ठिपके पाडून पाहिले, मोडले, पुन्हा पाडले. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत मूळ स्वरूपात तयार झाली होती.

ही पद्धत नेमकी काय आहे ते आमच्या वाचकांनी समजून घ्यावे. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके, असे सहा ठिपके. ही सगळी चौकट बोटाच्या टोकाखाली एकाच स्पर्शात मावते. प्रत्येक ठिपका एकतर उठलेला असतो किंवा सपाट असतो. एवढ्यावरून सहा ठिपक्यांच्या ६३ वेगवेगळ्या आकृत्या होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांत बसवली. पुढच्या दहांसाठी त्याच आकृत्यांत डावीकडचा खालचा ठिपका वाढवला. त्यापुढच्यांसाठी खालचे दोन्ही ठिपके वाढवले. म्हणजे पहिली दहा पाठ झाली की पुढची आपोआप कळतात. अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, संगीत, सारे या ६३ आकृत्यांत बसते. लिहायला लागते काय? जाड कागद, चौकटींची एक पाटी आणि एक टोचणी. ज्या टोकदार हत्याराने या मुलाचे डोळे नेले, तसल्याच टोकाने त्याने अक्षर घडवले.

१८२९ साली, विसाव्या वर्षी, लुई ब्रेल यांनी आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी आपण बार्बिये यांचे ऋणी असल्याचे स्पष्ट नमूद केले. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी पद्धत आणखी सुटसुटीत केली. दरम्यान ते त्याच संस्थेत आधी साहाय्यक आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक झाले होते. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत ते शिकवत. ते उत्तम ऑर्गनवादक होते आणि पॅरिसच्या चर्चमध्ये वादनाची नोकरीही करत. गरजू विद्यार्थ्यांना ते पैसे देत. मृत्यूनंतर त्यांच्या सामानात एक पेटी निघाली. ती न उघडता जाळावी, अशी त्यांची सूचना होती. उघडली तेव्हा त्यांच्याकडून उसने घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, अशी आठवण त्यांच्या मित्रमंडळींनी नोंदवली आहे.

अंधांनी आपसात लिहावे एवढ्यावर ते थांबले नाहीत. अंधाने लिहिलेले डोळस आईबापांना, मित्रांना वाचता यावे म्हणून १८३९ मध्ये त्यांनी ठिपक्यांतून साधी रोमन अक्षरे काढण्याची दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. ते काम वेळखाऊ होते. तेव्हा त्याच संस्थेचा माजी विद्यार्थी, यंत्रकामात वाकबगार असलेला अंध कारागीर फुको याने १८४१ च्या सुमारास ती अक्षरे उमटवणारे यंत्र तयार केले. दोन अंध माणसांनी मिळून केलेले हे लेखनयंत्र आहे, हे विसरून चालणार नाही.

मग जगाने त्यांना डोक्यावर घेतले असेल, असे कोणाला वाटेल. तसे काही घडले नाही. विद्यार्थ्यांनी ही लिपी चटकन उचलली, पण संस्थेने तिला अधिकृत मान्यता दिली नाही. आक्षेप असा की अंधांची लिपी वेगळी झाली तर ते समाजापासून तुटतील. ऐकायला किती कळवळ्याचे वाटते! पण या कळवळ्याखाली दुसरे काही दडले होते की नाही? या लिपीत मुलांनी काय लिहिले ते डोळस शिक्षकांना शिकल्यावाचून वाचता येत नव्हते. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातली पायरी हलत होती.

१८४० मध्ये लुई ब्रेल यांना पाठिंबा देणारे संचालक पिन्ये यांना पदावरून दूर करण्यात आले आणि आर्मां द्युफो संचालक झाले. त्यांनी परदेशातली उठावाच्या अक्षरांची पद्धत आणली. आधीची पुस्तके, त्यात मुलांनी स्वतः ठिपक्यांत उतरवून घेतलेली पुस्तकेही आली, जाळण्यात आली. ठिपक्यांच्या लिपीला मज्जाव झाला. पण एकदा अक्षर हाती आलेला माणूस ते सोडत नाही. मुले लपूनछपून ठिपके पाडत राहिली, मोठी मुले लहानांना शिकवत राहिली. ज्ञानाची पुस्तके जाळण्याचा आणि अक्षराला बंदी घालण्याचा उद्योग केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. आणि अक्षर लपवून जपणारेही जगभर होते.

अखेर साहाय्यक संचालक जोसेफ गादे यांनी द्युफो यांचे मन वळवले. १८४४ च्या फेब्रुवारीत संस्थेच्या नव्या इमारतीचा उद्घाटन समारंभ झाला. तेथे गादे यांनी ब्रेल यांची लिपी जाहीरपणे मांडली. एका अंध विद्यार्थ्याने सांगितलेला मजकूर ठिपक्यांत उतरवला आणि तेव्हा दालनाबाहेर असलेल्या दुसऱ्याने आत येऊन तो बोटांनी वाचून दाखवला. डोळसांची खात्री पटायला लिपी तयार झाल्यापासून वीस वर्षे जावी लागली!

तोवर लुई ब्रेल क्षयाने खचले होते. १८३५ च्या सुमारासच या रोगाने त्यांना गाठले होते. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तेव्हा तिकडे पॅरिसमध्ये हा आजारी शिक्षक अंध मुलांना शिकवत होता. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते, काम मात्र एकाच जातीचे होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, लुई ब्रेल यांचे निधन झाले. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली नाही. त्यांच्या संस्थेने १८५४ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर दोन वर्षांनी, लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिची शिफारस केली.

आपल्या देशात ही लिपी आली तेव्हा निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या पद्धती निघाल्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ही एकच पद्धत भारतीय भाषांसाठी ठरली. मराठीतला क आणि इंग्रजीतला के यांची आकृती एकच आहे. छापील देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. पॅरिसच्या मुलाने फ्रेंचसाठी घडवलेल्या चौकटीत आमची मायबोली अशी नीट बसली.

आता आजचे बोलू. हातातल्या मोबाइलच्या काचेवर सहा बोटे टेकवून ब्रेलमध्ये लिहिता येते. संगणकाला जोडलेल्या पट्टीवर बारीक खुंट्या वरखाली होतात आणि पडद्यावरचा मजकूर बोटाखाली येतो. संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात १९९९ पासून ब्रेलच्या २५६ आकृत्यांना जागा आहे. उठलेला ठिपका आणि सपाट ठिपका, या दोनच अवस्थांवर चालणारी लिपी संगणकाच्या युगात आपोआप बसली. दिल्लीच्या आयआयटीने २०१४ मध्ये स्मार्टकेन आणली. साधी पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा सांगते, पण गुडघ्याच्या वर आलेली फांदी किंवा उघडी खिडकी सांगत नाही. ती उणीव ही काठी ध्वनिलहरींनी भरून काढते. ही उणीव डोळसाला सुचणारी नव्हे. कपाळाला फांदी लागलेल्यालाच ती ठाऊक असते.

पण एक जुनी गोष्ट नव्या वेषात पुन्हा आली आहे. आता मोबाइल बोलतो, संगणक वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला शिकवायची, असा युक्तिवाद ऐकू येतो. आमचा बोलणाऱ्या यंत्राला विरोध नाही, ते हवेच. पण डोळस मुलाला मोबाइल वाचून दाखवतो म्हणून त्याची पाटी आणि बाराखडी कोणी काढून घेतो काय? नुसते ऐकणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, गणिताची मांडणी कळत नाही. ज्याला ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही, त्याला तर बोटाखालच्या अक्षरावाचून दुसरा आधार नाही. श्रीमंताच्या मुलाला दोन्ही मिळतील. गरिबाच्या मुलाला स्वस्तातले एक देऊन बोळवण होईल, ही आमची भीती आहे.

२०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची नोंद ५० लाखांवर आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात १८ वर्षांपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्यांना पुस्तके व साहाय्यक साधने मोफत देण्याची तरतूद आहे. अंधांसाठी पुस्तकांच्या प्रती काढण्याची मुभा देणारा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. कायदे आहेत. प्रश्न एवढाच की शाळा उघडते त्या दिवशी अंध मुलाच्या हाती त्याचे पुस्तक असते काय? युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशाप्रमाणे औषधाच्या खोक्यावर त्याचे नाव ब्रेलमध्ये असावे लागते. आपल्याकडे रक्तदाबाची गोळी कोणती आणि मधुमेहाची कोणती, हे अंध माणसाला आजही बहुधा शेजाऱ्यालाच विचारावे लागते. दिव्यांग म्हणून गौरवण्यात काहीच खर्च होत नाही. शिबिरात हार, फोटो आणि काठी देण्यातही फार होत नाही. अंधाला कोणती काठी हवी, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. साधने ठरवणाऱ्या समितीत, ती घडवणाऱ्या प्रयोगशाळेत आणि ती विकत घेणाऱ्या कार्यालयात अपंग माणूस बसला पाहिजे, आणि तो लाभार्थी म्हणून नव्हे, जाणकार म्हणून बसला पाहिजे. आउई यांच्याकडे दया होती, बार्बिये यांच्याकडे कल्पना होती. पण लिपी पूर्ण झाली ती ज्याला वाचायचे होते त्याच्या बोटांनी.

१९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, फ्रान्सने लुई ब्रेल यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, राष्ट्रातील थोरांच्या शेजारी, सन्मानाने नेले. त्यांचे हात मात्र कुपव्रे गावाने आपल्याकडे ठेवून घेतले. ते आजही तेथील कबरीवर एका कलशात आहेत. चामड्याच्या कारागिराच्या मुलाचे ते हात. पुढच्या ४ जानेवारीला आपापल्या वस्तीतल्या एखाद्या अंध विद्यार्थ्याच्या घरी जावे आणि त्याची पुस्तके आली की नाहीत एवढे विचारावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. आली नसतील तर पुढे काय करायचे, हे आमच्या वाचकांना सांगावे लागणार नाही.